लाइकपासून देणगीपर्यंत: मराठवाड्यातल्या पहिल्या क्राउडफंडिंग मोहिमेसाठी मार्गदर्शक

सप्ताहाची पट्टी, शाळाखोलीची लोकवर्गणी, देवळाच्या कळसासाठी घरटी ठरलेली रक्कम. चार लोकांकडून पैसे गोळा करून काम उभं करणं मराठवाड्याला नवं नाही. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरा नदीचं पात्र खोल आणि रुंद केलं होतं. क्राउडफंडिंग ही तीच वर्गणी आहे, फक्त वहीच्या जागी वेबसाइट आली.

मात्र एक गोष्ट बदलते. वर्गणी मागायला दारात आलेला माणूस कुणाचा कोण, हे देणाऱ्याला माहीत असतं. मोबाईलवर आलेल्या लिंकला चेहरा नसतो. ती उघडणारा आधी शोधतो ते हे, की माझ्या ओळखीच्या कुणी इथं पैसे दिलेत का, कुणी या कामाबद्दल स्वतःच्या तोंडानं काही बोललंय का. कमेंट, शेअर आणि टॅग यांचं क्राउडफंडिंगमधलं खरं काम हेच: अनोळखी माणसाला ओळख पटवून देणं. लाइकचा आकडा वाढला म्हणून पैसे येत नाहीत. ओळखीचे लोक उघडपणे उभे राहिले की अनोळखी लोक खिशात हात घालतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर बेतलेल्या आहेत.

याला अभ्यासाचा आधारही आहे. संशोधक ईथन मोलिक यांनी किकस्टार्टर या अमेरिकी क्राउडफंडिंग व्यासपीठावरच्या हजारो प्रकल्पांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. त्यात चित्रपट विभागातल्या प्रकल्पांचा अंदाज असा निघाला: प्रकल्प मांडणाऱ्याचे फेसबुकवर १० मित्र असतील तर यशाची शक्यता सुमारे ९ टक्के, १०० असतील तर २० टक्के आणि १,००० असतील तर ४० टक्के. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मोजकेच मित्र असलेलं खातं प्रकल्पाला जोडण्यापेक्षा ते न जोडलेलं बरं. रिकामं खातं पाहून लोकांचा विश्वास वाढत नाही, उलट शंका येते. म्हणून मोहिमेसाठी काल उघडलेलं नवंकोरं पान वापरू नका. गावात ज्याला लोक ओळखतात त्याचं जुनं, वावर असलेलं खातं पुढे करा. ते गुरुजींचं असेल, आशा सेविकेचं असेल, नाहीतर पुण्यात नोकरीला असलेल्या एखाद्या पोराचं.

पहिली पायरी: हिशोब कागदावर

उदाहरण घेऊ. औसा तालुक्यातल्या एका गावात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका करायची आहे. ग्रामपंचायतीनं जुनी खोली दिली आहे. ४० टेबल-खुर्च्या १,६०,००० रुपये, पुस्तकं ६०,०००, वायरिंग-पंखे-दिवे ५५,०००, इन्व्हर्टर-बॅटरी ४५,०००, दुरुस्ती आणि रंग ४५,०००, वर्षभराचं इंटरनेट आणि वर्तमानपत्रं २०,०००. झाले ३,८५,०००. पैसे ऑनलाइन येताना पेमेंट गेटवेचं, म्हणजे पैसे पोहोचवणाऱ्या सेवेचं, शुल्क कापलं जातं. ते साधारण २ ते ३ टक्के असतं आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. त्यासाठी १५,००० धरा. उद्दिष्ट ४ लाख. कापला जाणारा भाग नवखे लोक हमखास विसरतात आणि शेवटी इन्व्हर्टरचे पैसे कमी पडतात.

हा तक्ता मोहिमेच्या पानावर जसाच्या तसा टाका. ‘अभ्यासिकेसाठी मदत करा’ यापेक्षा ‘४,००० रुपयांत एका मुलीची टेबल-खुर्ची’ हे वाक्य जास्त वेळा शेअर होतं, कारण ते दुसऱ्याला सांगायला सोपं असतं.

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू ही आपल्याकडची ठाऊक असलेली व्यासपीठं. या देणगी-मोहिमांत साधारणपणे जेवढे जमले तेवढे मिळतात. किकस्टार्टरची रीत वेगळी: उद्दिष्ट पूर्ण झालं तरच पैसे, नाहीतर देणाऱ्यांच्या खात्यातून काहीच वजा होत नाही. तिथं मोहीम टाकता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे तो पर्याय सोडून द्या. पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश, संस्था असेल तर नोंदणीपत्र आणि ठराव, उपचारासाठी असेल तर रुग्णालयाचं अंदाजपत्रक ही कागदपत्रं आधीच स्कॅन करून ठेवा. मोहीम सुरू झाली आणि पडताळणी अडकली, की पहिल्या दिवशीचा सगळा जोर वाया जातो.

एक बारीक गोष्ट आत्ताच पाहून घ्या. काही व्यासपीठं शुल्क घेत नाहीत, पण पैसे भरताना देणगीदाराकडून ‘टीप’ मागतात आणि तिचा आकडा आधीच भरलेला असतो. हजार देणारा माणूस घाईत अकराशे-बाराशे भरून बसतो आणि नंतर कमेंटमध्ये तुमच्यावर चिडतो. स्वतः १०० रुपये भरून सगळे टप्पे एकदा पाहा आणि पहिल्याच संदेशात लिहा: ‘टीप देणं ऐच्छिक आहे, तो आकडा शून्य करता येतो.’

दुसरी पायरी: मोहिमेआधीचे तीन आठवडे

सगळ्यात जास्त कष्ट इथं आहेत आणि नवखे लोक नेमकी हीच पायरी गाळतात. एक गूगल शीट उघडा. रकाने असे: नाव, नातं, गाव किंवा सध्याचं ठिकाण, कोण फोन करणार, अपेक्षित रक्कम, बोलणं झालं का, दिले का, शेअर केलं का. तिघा-चौघांनी बसून ३०० नावं लिहायची. दहावीची बॅच, चाकण-हिंजवडीला गेलेले गावकरी, गावातून बदलून गेलेले शिक्षक, लेकीबाळींच्या सासरची माणसं, आडतीवरचे ओळखीचे, बँकेतले साहेब.

एवढी यादी कशाला, ते आकड्यांत बघा. समजा ४ लाखांपैकी १,३०,००० जवळच्यांकडून आले: ४० जणांनी दोन-दोन हजार, ५० जणांनी एक-एक हजार. उरले २,७०,०००. सरासरी देणगी ६०० धरली तर ४५० माणसं हवीत. पान उघडणाऱ्या शंभरांतले पाच देतात असं धरा, म्हणजे पान ९,००० वेळा उघडलं पाहिजे. नुसती पोस्ट पाहून शंभरांतले तीन लिंक दाबतात असं धरलं, तर ती पोस्ट तीन लाख वेळा दिसली पाहिजे. तालुक्याच्या गावातून एवढी पोहोच मिळणं अवघड आहे. उलट ३०० जणांना नाव घालून संदेश केला, त्यातल्या निम्म्यांनी उघडला आणि उघडणाऱ्यांतल्या तिसऱ्या हिश्शानं दिलं, तर एका संध्याकाळी ५० देणगीदार होतात. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमचे वेगळे येतील, पण दोन्हींतलं अंतर असंच मोठं राहील. म्हणून पोस्ट व्हायरल होण्याची वाट पाहू नका, यादी करा.

तीन आठवडे आधी यादीतल्या लोकांना पैसे मागायचे नाहीत, सल्ला मागायचा. ‘काका, आपल्या जुन्या खोलीत अभ्यासिका करायचं चाललंय. टेबलं लाकडी बरी का लोखंडी?’ ज्यानं सल्ला दिला तो कामात आला. एक आठवडा आधी जवळच्या ६० जणांना फोन: ‘दादा, रविवारी सकाळी लिंक येईल. पहिल्या दिवशी तुमचे दोन हजार आणि दोन ओळींची कमेंट पाहिजे. जमेल का?’ तारीख आणि रक्कम दोन्ही स्पष्ट मागा. ‘जमेल तेवढं’ म्हटलं की काम पुढं ढकललं जातं.

तारीख निवडताना पंचांगापेक्षा खिसा बघा. पुण्या-मुंबईचे नोकरदार महिन्याच्या १ ते ७ तारखेला मोकळ्या हातानं देतात. गावाकडचा पैसा सोयाबीन-कापूस विकल्यावर, दिवाळीच्या पुढे-मागे हलतो. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याकडे मागायला जाऊ नका, बियाण्याचे पैसे त्याच्या डोक्यावर असतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावांत दिवाळीनंतर अर्धं गाव कारखान्यावर असतं, तिथं सगळं फोनवरच करावं लागतं. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, बाहेरगावची माणसं शेतात जमतात. व्हिडिओ काढायला आणि समोरासमोर बोलायला हा दिवस चांगला. लिंक मात्र दुसऱ्या दिवशी पाठवा, शिवारात रेंज दगा देते.

तिसरी पायरी: व्हिडिओ, फोटो, मजकूर

व्हिडिओ ६० ते ९० सेकंदांचा, मोबाईल उभा धरून. पहिल्या तीन सेकंदांत काम दिसलं पाहिजे: अंधारी खोली, जमिनीवर बसून वाचणारी मुलगी. नमस्कार, प्रस्तावना, देवाचं गाणं हे सगळं काढून टाका. आवाजासाठी कॉलरला लावायचा साधा माइक वापरा. शेतात वाऱ्याचा घुंग आवाज येतो, तेव्हा माइकवर स्पंजची टोपी लागतेच. खाली मराठी अक्षरं द्या. बसमध्ये, ऑफिसात लोक आवाज बंद ठेवून पाहतात. हाच व्हिडिओ कापून व्हॉट्सॲप स्टेटससाठी एक मिनिटाच्या आतला दुसरा करा.

बोलणारा माणूस जिथला, भाषा तिथली ठेवा. परभणीच्या आजीनं ‘लेकरं रात्री दिव्याच्या खांबाखाली बसून वाचायलीत’ म्हटलं, तर ते तसंच राहू द्या. पुस्तकी मराठीत ते पुन्हा वदवून घेतलं की खरेपणा जातो आणि गावातले लोक ते शेअर करत नाहीत.

फोटो आडवा आणि उजेडातला. लिंक पाठवली की व्हॉट्सॲपवर तिच्यासोबत छोटं चित्र आणि शीर्षक दिसतं, तेच बघून माणूस ठरवतो उघडायचं की नाही. पान तयार झालं की लिंक आधी स्वतःला पाठवून पाहा. लिंक टाकल्यावर चित्र येईपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा आणि मगच पाठवा, नाहीतर कोरी लिंक जाते. फोटो बदलूनही फेसबुकवर जुनाच दिसत असेल तर मेटाच्या (फेसबुकच्या मालक कंपनीच्या) ‘शेअरिंग डिबगर’ या पानावर लिंक टाकून ती पुन्हा वाचायला लावता येते.

उपचाराची मोहीम असेल तर रुग्णाचा फोटो घरच्यांच्या लेखी संमतीनंच टाका, आणि शक्य तिथं आजारपणाआधीचा, हसरा. कागदपत्रांवरचा आधार क्रमांक, पत्ता, फोन झाकून टाका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज केला का, याचं उत्तर मजकुरातच द्या. हा प्रश्न पहिल्या दहा कमेंटींत येतोच, आणि त्याला तासभर उत्तर नसेल तर खाली संशयाची रांग लागते.

चौथी पायरी: पहिले ४८ तास

रविवारी सकाळी ७ वाजता लिंक फक्त त्या ६० जणांना. गावभर नाही, फेसबुकवर नाही. दुपारपर्यंत उद्दिष्टाच्या १५-२० टक्के रक्कम दिसली पाहिजे. शून्य रुपये दाखवणारं पान अनोळखी माणसाला दाखवायचंच नाही, कारण पहिला देणारा व्हायला कुणी तयार नसतं. संध्याकाळी साडेआठला सार्वजनिक पोस्ट. तोवर पानावर २५-३० नावं असतात आणि त्या नावांमध्ये कुणाचा तरी मामा, कुणाचे तरी सर असतात.

पोस्ट टाकल्यावरचा पहिला तास कुणीतरी फोन हातात घेऊन बसलं पाहिजे. २०१८ साली फेसबुकनं जाहीरच केलं होतं, की आपसांत संवाद घडवणाऱ्या पोस्टना न्यूजफीडमध्ये प्राधान्य मिळेल. नुसत्या अंगठ्यापेक्षा दोन माणसांमधलं बोलणं मोलाचं. म्हणून जवळच्या लोकांकडून कमेंट मागताना ‘छान उपक्रम’ नको असं स्पष्ट सांगा. हवं ते असं: ‘याच खोलीत मी चौथी शिकलो. एका टेबलाचे पैसे मी दिले.’ अशा एका कमेंटखाली बॅचमधले चौघे येऊन बोलतात आणि त्यांच्या ओळखीच्यांना पोस्ट दिसू लागते.

हात जोडलेल्या इमोजींनी भरलेली पोस्ट लोकप्रिय दिसते, पण देणगीचा आकडा हलत नाही. ‘शेअर करा, पुण्य मिळेल’ या वाक्यानं तर उलटच होतं: शेअर केल्यानंच आपला वाटा उचलला असं माणसाला वाटतं. मागताना क्रम ठेवा, आधी देणगी, मग शेअर. ‘शंभर रुपये भरून शेअर करा’ असं लिहा.

पाचवी पायरी: कोणत्या माध्यमावर काय

मराठवाड्यात मोहीम चालते ती व्हॉट्सॲपवर, बाकी सगळं त्याच्या मदतीला. तिथले नियम नीट समजून घ्या. ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ जण घेता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोहोचतो. फॉरवर्ड एका वेळी पाच ठिकाणीच जातो. खूप वेळा फिरलेल्या संदेशावर दुहेरी बाण येतो आणि मग तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. हे दुहेरी बाण लागलेलं आवाहन लोक न उघडता पुढे सरकवतात, कारण दोन वर्षांपूर्वीच्या हरवलेल्या मुलाचे संदेश त्यांनी असेच पाहिलेले असतात. उपाय साधा आहे: फॉरवर्ड करायला सांगू नका. मजकूर कॉपी करून, वर स्वतःची एक ओळ घालून पाठवायला सांगा. अनोळखी नंबरांना एकगठ्ठा संदेश पाठवू नका, नंबर बंद होऊ शकतो.

नमुना असा:

‘ताई, नमस्कार. आपल्या गावच्या जुन्या शाळाखोलीत अभ्यासिका होतेय. ४० जागांपैकी १३ जागांचे पैसे आले. एक जागा ४,००० रुपयांना आहे, पण ५०० दिले तरी चालतात. खाली लिंक आहे, शंका असेल तर मला थेट फोन करा. पावती लगेच येते.’

ग्रुपमध्ये टाकताना आधी ॲडमिनशी बोला. त्यांनी स्वतः लिंक टाकली तर फार फरक पडतो. प्रत्येक ग्रुपमध्ये एक माणूस असा ठेवा जो पैसे भरल्यावर ‘भरले’ एवढंच लिहील. मग दुसरा लिहितो, तिसरा लिहितो. पण रकमांची यादी ग्रुपवर टाकू नका. ज्याला दोनशेच जमतात तो लाजून गप्प बसतो. कित्येकांना गुप्तदान करायचं असतं, नाव छापण्याआधी विचारून घ्या.

फेसबुक हे तालुक्या-जिल्ह्याच्या ग्रुपांसाठी आणि चाळिशीपुढच्या माणसांसाठी. लिंक पोस्टच्या मजकुरातच ठेवा. पहिल्या कमेंटमध्ये लिंक देण्याची पद्धत आहे खरी, पण कुणी पोस्ट शेअर केली की कमेंट सोबत जात नाही आणि लिंक मागेच राहते.

इन्स्टाग्रामवर पोस्टखालच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही. ती प्रोफाइलमध्ये द्या आणि स्टोरीत लिंकचं स्टिकर लावा. आपल्या भागात रील करणाऱ्या मुलामुलींना गाठा, पण फॉलोअर किती हे पाहून भुलू नका. त्यांच्या शेवटच्या दहा रीलांखालच्या कमेंट वाचा. लातूर, नांदेड, जालन्याचे लोक खऱ्या नावांनी बोलत असतील तर उपयोग आहे. ‘कोलॅब’ पोस्ट करायला सांगा, म्हणजे तीच रील दोन्ही खात्यांवर दिसते आणि लाइक-कमेंट एकत्र मोजल्या जातात.

क्यूआर कोड ए-४ कागदावर छापून किराणा दुकान, कृषी सेवा केंद्र, बाजाराच्या दिवशी हॉटेल इथं लावा. तो मोहिमेच्या पानाचाच असावा. कुणाच्या खासगी यूपीआयवर आलेले पैसे पानावरच्या आकड्यात दिसत नाहीत आणि हिशोबाची भांडणं तिथूनच सुरू होतात. रोख देणाऱ्याला पावती द्या आणि त्याच दिवशी ती रक्कम पानावर नोंदवता येते का पाहा.

कुठल्या ग्रुपमधून पैसे येतात हे कळण्यासाठी गूगलच्या ‘कॅम्पेन यूआरएल बिल्डर’मध्ये प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी खूण जोडलेली लिंक बनवा. व्यासपीठ हे आकडे दाखवत नसेल, तर लिंक छोटी करणाऱ्या सेवेत प्रत्येक ग्रुपसाठी वेगळी लिंक करून ती किती वेळा दाबली गेली हे मोजता येतं. पण छोट्या लिंकला लोक फसवणूक समजतात, म्हणून ती कार्यकर्त्यांच्या स्टेटसपुरती ठेवा, वडीलधाऱ्यांना मूळ लिंकच द्या.

सहावी पायरी: कमेंटला उत्तरं

नवखे लोक प्रशंसेला उत्तर देतात आणि शंकेला टाळतात. करायचं याच्या उलट. शंका घेणारा बहुतेक वेळा देण्याच्या उंबरठ्यावर उभा असतो, आणि त्याला दिलेलं उत्तर शंभर गप्प लोक वाचतात. ‘पैसे कुठं जाणार?’ या प्रश्नाला ‘विश्वास ठेवा दादा’ हे उत्तर नाही. उत्तर असं: ‘दादा, ग्रामपंचायत ठराव आणि टेबलांची दोन कोटेशनं पानावर आहेत. पैसे संस्थेच्या खात्यात येतात, दोन सह्यांशिवाय निघत नाहीत.’ सात-आठ ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवा, पण चिकटवताना समोरच्याचं नाव आणि त्याचा नेमका मुद्दा घाला. दिवसा दोन तासांत आणि रात्री दहापर्यंत उत्तर गेलं पाहिजे. पाळी लावा.

राजकीय पुढाऱ्याचा फोटो पोस्टरवर घेऊ नका, त्यांनी देणगी दिली तरी. आभार मानावेत, पण बाकी देणगीदारांच्या ओळीत. एकदा फोटो आला की कमेंटींत अभ्यासिका मागे पडते आणि पक्ष पुढे येतो, गावातला अर्धा भाग बाजूला होतो. जातीच्या ग्रुपपुरती मोहीम मर्यादित झाली तरी हेच होतं.

आणखी एक धोका: तुमचा फोटो उचलून, स्वतःचा क्यूआर लावून कुणीतरी दुसरं आवाहन फिरवतं. खरी लिंक कोणती हे पोस्टमध्ये वरच लिहा, आणि तीच लिंक असलेली कमेंट सगळ्यात वर पिन करा. गावातल्या लोकांना सांगून ठेवा, की पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही आणि ओटीपी कुणीही मागत नाही. बनावट आवाहन दिसलं तर त्या माध्यमावर तक्रार करा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवा.

मधला थंड आठवडा

पैसे सुरुवातीला आणि शेवटी येतात, मध्ये ओहोटी लागते. किकस्टार्टरवरच्या अभ्यासांतही हाच आलेख दिसला आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी आकडा थांबला की मंडळी घाबरून तीच पोस्ट दिवसातून तीनदा टाकतात आणि लोक ग्रुप म्यूट करतात. त्याऐवजी दर तीन दिवसांनी खरोखर नवं काही द्या: सुताराकडचं पहिलं टेबल, रंगवलेली भिंत, पुस्तकं दान करणारे निवृत्त गुरुजी. काम थोडं का होईना पुढे गेलेलं दिसलं पाहिजे, म्हणून पहिल्या टप्प्याचे पैसे लवकर काढून काम सुरू करा. पडताळणी आणि पैसे खात्यात यायला काही दिवस जातात, ते आधीच धरा. मोहीम ३० ते ४० दिवसांचीच ठेवा.

पैसे देऊन जाहिरात करायची तर ३० टक्के रक्कम जमल्यावर, आणि ५०० रुपयांची चाचणी करून. ‘बूस्ट’ दाबताना उद्दिष्ट ‘एंगेजमेंट’ निवडलं तर मेटा लाइक करणारे लोक शोधून देतो. तुम्हाला लिंक उघडणारे हवेत, म्हणून वेबसाइटवर माणसं आणणारं उद्दिष्ट निवडा. भाग पुणे आणि पिंपरी-चिंचवड, भाषा मराठी. ५०० रुपयांत हजारभर देणगी आली नाही तर जाहिरात बंद करा, तो वेळ फोन करण्यात घाला.

शेवटचे पाच दिवस

यादी पुन्हा उघडा. ‘देतो’ म्हणाले पण राहिले, त्यांना नाव घेऊन आठवण. आधीच देऊन झालेल्यांना पैसे मागू नका, प्रत्येकी तीन माणसं मागा. उरलेला आकडा वस्तूत सांगा: ‘आता सहाच टेबलं राहिली.’ रोज रात्री नऊला एकच पोस्ट, उरलेल्या आकड्याची.

कर आणि परदेशातून येणारे पैसे

८०जी म्हणून ओळखली जाणारी आयकर सवलत फक्त नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, व्यक्तीच्या नावच्या मोहिमेवर नाही. रोख देणगीवर ती २,००० रुपयांपर्यंतच, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना मुळीच नाही. संस्थेकडे ८०जी असेल तर मार्चमध्ये नोकरदारांना ते आवर्जून कळवा. व्यक्तीच्या खात्यात नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट जमा झाली, तर सगळी रक्कम करपात्र उत्पन्न धरली जाऊ शकते. म्हणून उपचाराचे पैसे थेट रुग्णालयाला जातील असं पाहा आणि सुरुवातीलाच सीएंशी बोला.

अमेरिका-दुबईतल्या गावकऱ्यांकडून मागताना पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, परदेशी ठरते. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. व्याज, नफा किंवा हिस्सा देण्याचं आश्वासन घालून लोकांकडून पैसे गोळा करू नका. ते कायद्याच्या वेगळ्याच कक्षेत जातं.

मोहीम संपल्यावर

दोन दिवसांत आभार. पंधरा दिवसांत पहिली बिलं, जीएसटी क्रमांकासह, पानावर. काम झाल्यावर वापरातल्या अभ्यासिकेचा व्हिडिओ प्रत्येक देणगीदाराला वेगळा पाठवा, ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. ज्यांना हिशोब मिळाला ते पुढच्या मोहिमेच्या पहिल्या ६० जणांत येतात. रक्कम उद्दिष्टापेक्षा जास्त जमली तर जादा पैशांचं काय करणार हे आधीच पानावर लिहिलेलं असावं, उदाहरणार्थ दुसऱ्या वर्षाचं इंटरनेट आणि वीजबिल. कमी जमली तर कोणती वस्तू आधी घेणार याचाही क्रम तिथंच द्या: पहिल्यांदा वायरिंग आणि दिवे, मग टेबलं, रंग सगळ्यात शेवटी.